ग्वानाह्वातोचे भुयारी रस्ते आणि आम्ही दोघं

मेक्सिकोहून परत येऊन आता दोन महिने झाले. मँचेस्टरच्या आमच्या मंडळात जो भेटतो तो विचारतो, "काय शैलाताई, कसं झालं मेक्सिको?" मी म्हणते, "छान झालं." तेवढ्यावर लोकांचं समाधान होतं आणि मलाही पुढे बोलायचं त्राण नसतं. पण ज्यांना तिकडे जायचं आहे आणि ज्यांना कधीच जायचं नाही, अशा दोघांसाठीही एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं, म्हणून बसले आहे.

आधी हे सांगते की मला कुठेही जायचं नव्हतं. मला झोपायचं होतं. मी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे, वय बासष्ट. गेला हिवाळा आमच्या खात्यात माणसं कमी आणि काम दुप्पट असा गेला. घरी आले की सोफ्यावर बसायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. टीव्ही लावायलाही हात उचलायचा नाही.

मेक्सिकोचं वेड होतं अविनाशचं, माझ्या नवऱ्याचं. तो सहासष्टचा. मूळचा नागपूरचा, पण आयुष्य गेलं मँचेस्टर आणि आसपासच्या गावांची गटारं आणि पुराचं पाणी सांभाळण्यात. तो ड्रेनेज इंजिनियर होता, दीड वर्षापूर्वी रिटायर झाला. लोकांच्या घरी जेवायला गेलो की यजमानीणबाई गुलाबजाम वाढत असताना हा सांडपाण्याच्या उतारावर बोलायचा. फार वर्षांपूर्वी त्याच्या धंद्याच्या मासिकात ग्वानाह्वातो नावाच्या गावावर लेख आला होता. डोंगरांच्या घळीत वसलेलं, चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेलं जुनं शहर. मधून नदी जायची आणि गाव पुन्हापुन्हा बुडायचं. शेवटी लोकांनी नदी दुसरीकडे वळवली आणि तिच्या कोरड्या पात्राचा रस्ता करून टाकला. आज शहराच्या पोटातून, दगडी कमानींखालून, गाड्या जातात. "रिटायर झालो की आधी हे," असं तो तेव्हापासून म्हणत होता.

एरवी आमच्या प्रवासाची फाइल तो करायचा. नकाशे, बसच्या वेळा, पर्यायी बसच्या वेळा. या वेळी म्हणाला, "तू कर ना बुकिंग." मला राग आला होता. माझ्याकडे वेळ होता का? पण केलं.

उतरलो ते जमिनीखाली

मेक्सिको सिटीहून निघालेल्या बसने आम्हाला दुपारी गावाबाहेरच्या स्टँडवर सोडलं. टॅक्सी केली. पाच मिनिटांत टॅक्सी डोंगरात शिरली आणि दगडी बोगद्यातून वळणं घेत एका जागी थांबली. ड्रायव्हरने बॅगा काढून ठेवल्या आणि वर बोट दाखवलं. बाजूच्या भिंतीत जिना होता. तो चढून आम्ही एकदम भर उन्हात, चर्चच्या शेजारी, फुगेवाल्यासमोर बाहेर आलो. सगळीकडे डोंगरउतारावर घरं. पिवळी, गुलाबी, जांभळी, निळी, एकाच्या डोक्यावर दुसरं. मँचेस्टरच्या लाल विटांनंतर डोळ्यांना ते जरा जास्तच झालं.

आमचं गेस्टहाउस आणखी वर, गल्लीच्या टोकाला. गल्ली म्हणजे पायऱ्याच. हे गाव समुद्रसपाटीपासून बरंच उंच आहे, हे मी वाचलं होतं. माझ्या फुप्फुसांनी वाचलं नव्हतं. प्रत्येक वळणावर मी बॅगेवर बसत होते. अविनाश मात्र मागे वळून खालच्या कमानीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला हेवा वाटला.

दारात दोन्या चेलो उभी होती. 'दोन्या' म्हणजे आपल्याकडे 'बाई' म्हणतात तसं. सत्तरीची, बुटकी, करकरीत इस्त्रीचा एप्रन. तिला इंग्लिश येत नव्हतं, आम्हाला स्पॅनिश पाच-सहा शब्द. तिने माझ्याकडे बघितलं, बॅग हातातून घेतली, खुर्ची पुढे ओढली आणि लाल सरबताचा ग्लास हातात दिला. आंबट. अंबाडीच्या जातीच्या फुलांचं होतं ते, नंतर कळलं. मी दोन ग्लास प्यायले आणि संध्याकाळी सहालाच झोपले.

बाजार

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. लोखंडी कमानीचं, रेल्वे स्टेशनसारखं उंच छप्पर, आणि खाली सगळं ओळखीचं. पेरू, पपई, चिंच, कोथिंबिरीच्या जुड्या, लिंबं, मिरच्यांचे ढीग. एका टोपलीत चिकू! मी विकणाऱ्या बाईला "चिकू, चिकू" म्हणून दाखवलं, तिने हसून "चिको" म्हटलं. चिकू, पेरू, पपई ही सगळी तिकडूनच आपल्याकडे आलेली मंडळी. आमच्या मँचेस्टरच्या देशी दुकानात चिकू मिळतो, पण दगडासारखा कडक आणि मग एकदम सडका. इथला मऊ, दाणेदार, लहानपणी खाल्लेला होता. मी उभ्याउभ्या तीन खाल्ले.

बायका ओळीने बसून निवडुंगाच्या पानांचे काटे सुरीने तासत होत्या. हातमोजे नाहीत, बघणंही नाही, गप्पा मारत. त्याची भाजी चेलोने आम्हाला सकाळी अंड्याबरोबर दिलीच होती. चव आंबटसर, आणि भेंडीसारखी बुळबुळीत. आमटीत घातली तर चांगली लागेल असं माझं मत झालं.

चेलोच्या हातचे घेवड्याचे घोटलेले दाणे मात्र मला जीव की प्राण झाले. पहिल्या दिवसापासून मी दोन वेळा मागून घेत होते. मका चुन्याच्या पाण्यात भिजवून दळतात, त्याच्या हातावर थापलेल्या गरम पोळ्या, आणि वर हे दाणे. तिसऱ्या दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन कृती विचारली. तिने खुशीत सगळं दाखवलं, शेवटी फोडणीसाठी डबा काढला. डब्यावर गुलाबी डुकराचं चित्र. मी जन्माची शाकाहारी, अंड्यापुरती काय ती सूट. तीन दिवस मी डुकराची चरबी मिटक्या मारत खाल्ली होती. घरी असते तर रडले असते, तिथे नुसती स्टुलावर बसले. चेलोला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. तिने डबा वरच्या फळीवर ठेवला आणि त्या दिवसापासून माझे दाणे वेगळे, तेलात केले. अविनाशने मात्र जुनेच चालू ठेवले. "मला चालतं," म्हणाला, आणि वरून हिरव्या मिरचीची चटणी घेतली. नागपूरच्या माणसाला तिथे तिखटाची तक्रार करायला जागा नाही.

ला वालेन्सियाना

बुधवारी गावावरच्या डोंगरात, ला वालेन्सियाना नावाच्या जुन्या खाणीवर गेलो. खाणीच्या मालकांनी बांधलेलं चर्च तिथे आहे. आत तीन वेद्या, जमिनीपासून छतापर्यंत सोन्याने मढवलेल्या. त्या सोन्याखाली एक म्हातारी डोक्यावरून शाल घेऊन गुडघ्यावर सरकत पुढे चालली होती. मला माझे गुडघे आठवले आणि मी मागच्या बाकावर बसले.

शेजारच्या खाणीच्या तोंडाशी एक वाटाड्या होता, मोडक्या इंग्लिशमध्ये समजावून सांगणारा. अविनाशने त्याला विचारलं, खाणीत पाणी साठायचं ते कसं काढायचे? त्याने सांगितलं. चामड्याच्या पखालींनी, जनावरं जुंपून. दहा मिनिटांनी अविनाशने तेच विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. बाहेर पडताना तिसऱ्यांदा. वाटाड्या हसून माझ्याकडे बघू लागला आणि माझा तोल गेला. "अरे, सांगितलं ना त्यांनी! लक्ष कुठे असतं तुझं?"

अविनाशने खिशातून छोटी वही काढली आणि काहीतरी लिहून घेतलं. रिटायर झाल्यापासून ही वही त्याच्याकडे असते. मला वाटायचं, वेळ घालवायला काहीतरी लिहीत असतो.

गुरुवार

गुरुवार त्याचा होता. सकाळी त्याने स्वच्छ शर्ट घातला, जॅकेट घातलं, फोन नको म्हणून जुना कॅमेरा गळ्यात अडकवला आणि फोन माझ्या पर्समध्ये टाकला. आम्ही जिना उतरून भुयारी रस्त्यावर गेलो. कडेने चालायला अरुंद फुटपाथ आहे. डोक्यावर कमानी, कमानींवर घरं. वरून कुठे उजेडाचा चौकोन पडतो, त्यातून कुणाच्या तरी खिडकीतल्या कुंड्या दिसतात.

"शैला, आपण नदीत उभे आहोत," तो म्हणाला.

मग त्याने मला सगळं समजावलं. पाणी कुठून यायचं, भिंतीवर त्याच्या पातळीच्या खुणा कशा ओळखायच्या, जुनं बांधकाम कुठलं आणि नवं कुठलं. एकही शब्द अडला नाही. लग्नाआधी पुण्यात मुठेच्या पुलावर उभं राहून असंच सांगायचा, तसा दिसत होता. पण गाड्यांचा धूर कोंडलेला होता, माझं डोकं दुखायला लागलं. तासाभराने मी म्हटलं, "आता वर जाऊ या."

गावाच्या मधोमध एक तिकोनी बाग आहे. तिथली झाडं वरून अशी सपाट कापली आहेत की खाली छत्रीसारखी दाट सावली. मी एका टेबलाशी बसले, कॉफी मागवली.

"तू बस," अविनाश म्हणाला. "मी पलीकडच्या बोगद्याचे दोन फोटो काढून येतो. अर्धा तास."

"जा. मला उठवू नकोस फक्त."

तेव्हा एक वाजला होता. दोन वाजता मी दुसरी कॉफी मागवली. अडीचला उठून बागेला एक फेरी मारली. तीनला त्याला फोन लावला, आणि माझ्याच पर्समध्ये घंटी वाजली.

मी खाली गेले. त्या बोगद्यांना फाटे आहेत आणि प्रत्येक फाट्याला जिने. एक जिना चढले तर बाजारामागे निघाले, दुसरा चढले तर एका शाळेच्या भिंतीशी. मोबाइलवरचा नकाशा खाली गेल्यावर बावरायचा. त्याला वरचा रस्ता आणि खालचा रस्ता एकच वाटत होता. मी "अविनाश" म्हणून हाक मारली. बसच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही. साडेतीन वाजता एका तरुण पोलीसबाईला गाठलं. तिला इंग्लिश बऱ्यापैकी येत होतं.

"उंची? वय? कपडे?"

मी उंची सांगितली, वय सांगितलं. जॅकेट कुठल्या रंगाचं ते आठवेना. निळं का राखाडी? छत्तीस वर्षांच्या संसारातला नवरा, सकाळी माझ्यासमोर कपडे करून निघाला, आणि मला जॅकेट आठवेना. फोटो दाखवायला फोन उघडला तर सगळ्या फोटोंत मी आणि इमारती. फोटो नेहमी तो काढतो. शेवटी दोन वर्षांपूर्वीचा एक सापडला, तेव्हा मिशी होती.

"त्यांना काही आजार आहे का?" तिने विचारलं. "विसरणं वगैरे?"

"नाही," मी म्हटलं. म्हटलं आणि मला खाणीवरचे तीन प्रश्न आठवले. मग बुकिंग आठवलं. मग वही. मागच्या दिवाळीत अविनाश आपलं समजून शेजारच्या घराचं दार ठोठावत उभा राहिला होता, ते आठवलं. आम्ही सगळे हसलो होतो. त्या आजाराच्या गोळ्या रोज माझ्या हाताखालून जातात. डोस मी तपासते. घरच्यांना समजावून सांगते, लक्षणं कशी हळूहळू दिसतात ते.

"कदाचित," मी म्हटलं.

पोलीसबाईने वायरलेसवर सांगितलं आणि गेस्टहाउसचा नंबर मागितला. वीस मिनिटांत दोन्या चेलो खाली आली, एप्रनवरच, पायात घरातल्या सपाता. तिने माझा हात धरला आणि चालायला लागली. प्रत्येक दुकानाच्या दारात थांबून ओरडायची, "उंच, चष्मा, हिंदू!" मेक्सिकोत भारतीय माणसाला सरसकट हिंदूच म्हणतात. दुकानदार नाही म्हणायचा, पण मग तोही पुढच्या दुकानाला ओरडून विचारायचा. गल्ल्यांमधून ते शब्द आमच्या पुढे पुढे जात होते. मी चढत होते, थांबत होते, पुन्हा चढत होते. मनात एकच घोळत होतं की नेहाला काय सांगू. नेहा आमची मुलगी, ग्लासगोला शाळेत शिकवते.

सव्वापाचला वरच्या अंगाने उत्तर आलं. एका न्हाव्याने सांगितलं, चांभाराकडे एक माणूस बसला आहे.

छोटंसं दुकान, चामड्याचा आणि गोंदाचा वास. साठीतला चांभार मांडीवर बूट घेऊन टाच ठोकत होता आणि समोर बुटक्या स्टुलावर, एका पायात नुसता मोजा, अविनाश बसला होता. जॅकेट तपकिरी होतं.

त्याने वर बघितलं. "आलीस? किती वेळ लावलास."

मला त्याच्या अंगावर धावून जायचं होतं. चांभार पोलीसबाईला भराभर काहीतरी सांगत होता. ती मला म्हणाली, "हे म्हणतात, तुमचे मिस्टर दोन वाजल्यापासून इथे आहेत. बुटाची टाच निघाली होती. गेस्टहाउसचं नाव विचारलं तर सांगता आलं नाही. पण माणूस फार सभ्य आहे, म्हणतात. मिस्टर त्यांच्या भाषेत बोलत होते, हे स्पॅनिशमध्ये बोलत होते." मग तिने विचारलं, "कुठली भाषा ती?"

"मराठी," मी म्हटलं.

अविनाशने माझ्याकडे बघितलं. "मी मराठीत बोलत होतो?"

"हो, म्हणतात."

"मला वाटलं, इंग्लिशमध्ये बोलतोय," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, याला इतकं साधं इंग्लिश कसं कळत नाही."

चांभाराने दुरुस्त केलेला बूट त्याच्या पायात घातला. मग दुसराही बूट काढायला लावून पॉलिश केला, कारण एकच चकचकीत बरा दिसत नव्हता. तेवढा वेळ आम्ही सगळे त्या दुकानात उभे राहिलो. कुणालाच घाई नव्हती.

गच्चीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी चेलोच्या गच्चीवर चहा घेऊन गेलो. समोरच्या डोंगरावरून कुणाच्या तरी कोंबड्याचा आवाज येत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या ऑक्टोबरपासून. आधीपासून असेल." त्याने कप खाली ठेवला. "स्टॉकपोर्टहून येताना रस्ता सापडेना. ज्या रस्त्याखालचे पाइप मी टाकले, तो रस्ता, शैला. एका सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये गाडी लावून दीड तास बसलो. मग आपल्या जीपी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मेमरी क्लिनिकला पाठवलं. पत्र आलंय."

"कुठे आहे पत्र?"

"गराजमध्ये, खिळ्यांच्या डब्यात. तारीख मार्चची होती. मी फोन करून पुढची घेतली. म्हटलं, हे बघून येऊ आधी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू दमलेली असायचीस गं. घरी आलीस की सोफ्यावर बसायचीस, बूटसुद्धा काढायची नाहीस. तुला आणखी एक पेशंट कुठे देऊ?"

मी माझा कप खाली ठेवला.

"आणि दुसरं," तो म्हणाला, "सांगितलं असतं तरी तू आलीच असतीस. पण फार्मसिस्ट म्हणून आली असतीस. मला बायको हवी होती बरोबर."

त्याला वाटलं असेल मी रडेन. मला राग आला. इतका राग मला कित्येक वर्षांत आला नव्हता. "काल चार तास मी काय होते, ते तुला माहीत आहे?" असं म्हणून मी खाली गेले आणि त्याचा आदल्या दिवशीचा शर्ट चेलोच्या अंगणातल्या दगडी धोबीघाटावर घासत बसले. कॉलर विरली असती. चेलो आली, शर्ट माझ्या हातातून काढून घेतला, पिळून दोरीवर टाकला. मग फोन तोंडाशी धरून काही बोलली आणि भाषांतर माझ्यापुढे धरलं. इंग्लिशमध्ये लिहिलं होतं, 'साहेब विसरतात का?'

मी मान डोलावली.

ती पुन्हा बोलली. 'उद्या मी दोलोरेसला जाणार आहे. मला मातीचं पातेलं घ्यायचं आहे. तुम्ही दोघं चला.'

तो सगळा दिवस मी खोलीत झोपून काढला. मला जागं राहायचंच नव्हतं. अविनाश बाहेर व्हरांड्यात खुर्चीत बसून होता. मधून मधून खुर्ची करकरायची, म्हणजे तो तिथेच आहे हे कळायचं. संध्याकाळी मी दार उघडून बाहेर गेले आणि त्याच्या शेजारची खुर्ची घेतली. राग संपला नव्हता, पण तो करत राहायची ताकद संपली होती.

दोलोरेस

शनिवारी सकाळी तिघं बसने निघालो. दोलोरेस इदाल्गो दीड तासावर. रस्ता डोंगरातून ओकच्या झाडांमधून जातो आणि माथ्यावर धुकं होतं. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये आहोत असं क्षणभर वाटलं. मग उतार लागला, आणि पुन्हा निवडुंग, ऊन, लाल माती.

मेक्सिकोच्या स्वातंत्र्याची पहिली हाक इथल्या चर्चच्या दारातून दिली गेली, म्हणून गावाला मान मोठा. पण लोक येतात ते मातीची रंगीत भांडी आणि आइस्क्रीम यांसाठी. चौकात गाडेवाले उभे असतात आणि काय वाट्टेल त्याचं आइस्क्रीम देतात. मका, चीज, निवडुंगाचं फळ, मिरची-मसाल्याच्या रश्श्याचंसुद्धा. आधी चमच्याने चव घ्यायला देतात. अविनाशने सात चवी घेतल्या, मग पहिली पुन्हा मागितली. गाडेवाल्याने खुणेने सांगितलं, ती तुम्ही घेतली होती. "माहीत आहे," अविनाश म्हणाला, "पण मला ती पुन्हा नवीन लागेल, हा माझा फायदा." तो इंग्लिशमध्ये म्हणाला, त्यामुळे गाडेवाल्याला कळलं नाही. मला कळलं. दोन दिवसांत मी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता मला बाकावर बसावं लागलं.

त्याने अ‍ॅव्होकॅडोचं घेतलं, मी मक्याचं. चेलोने तकिलाचं, म्हणजे तिथल्या दारूचं.

बाकावर बसून तो म्हणाला, "फोन दे. नेहाला लावतो."

"घरी जाऊन सांगू."

"घरी जाईपर्यंत मी टाळायला लागेन."

व्हिडिओवर नेहा आली. "हाय बाबा! ते ग्रीन काय आहे?"

"अ‍ॅव्होकॅडोचं आइस्क्रीम."

"यक! आई कुठे आहे?"

"इथेच. नेहा, मला जरा सांगायचंय." पुढचं त्याने इंग्लिशमध्ये सांगितलं, तिला नीट कळावं म्हणून. कार पार्क, जीपी, पत्र, गुरुवार. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. ऑफिसात रिपोर्ट वाचायचा तसा. आइस्क्रीम वितळून त्याच्या मनगटावरून ओघळत होतं. चेलोने पदराने पुसावा तसा एप्रनच्या टोकाने, न विचारता, त्याचा हात पुसला.

नेहा घरातसुद्धा मराठी फारशी बोलत नाही, चुकते म्हणून लाजते. तेव्हा मराठीत बोलली. "बाबा, तुझी अपॉइंटमेंटला मी येणार. तू एकटा नको जाऊ. आणि आई, तू मला का नाही सांगितला?"

"मलाच काल कळलं गं."

"ओके," ती म्हणाली. "ओके. तू खाल्ली का काही?"

परत निघायच्या आधी चेलोने आम्हाला भांड्यांच्या चार दुकानांतून फिरवलं. पातेली उचलायची, बोटाने टिचकी मारून कानाशी धरायची, तोंड वाकडं करून खाली ठेवायची. शेवटी एकही घेतलं नाही. बसमध्ये बसताना मी तिच्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं. तिने पिशवीची घडी केली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मँचेस्टर

उरलेले दोन दिवस आम्ही फार काही केलं नाही. अविनाशला एकदा पुन्हा बोगद्यात जायचं होतं. मीही गेले, त्याच्या बाहीला धरून. कुठल्या जिन्याने वर जायचं हे मी ठरवत होते आणि दोनदा चुकले. गावातलं प्रसिद्ध ममींचं म्युझियम आम्ही पाहिलं नाही. ज्यांना अशा गोष्टींची हौस आहे त्यांनी पाहावं.

घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी माझ्या मॅनेजरला सांगितलं की उन्हाळा संपला की मी काम थांबवते आहे. तिने विचारलं, "शुअर?" मी म्हटलं, "शुअर नाही, पण थांबते आहे."

मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट मागच्या मंगळवारी झाली. नेहा आदल्या दिवशी ट्रेनने ग्लासगोहून आली. बाबाचा शर्ट तिने इस्त्री केला, वाईट केला. क्लिनिकमधली डॉक्टर तरुण आणि शांत होती. तिने पाच शब्द सांगितले, मग दुसरंच काहीबाही विचारलं, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आणि मग ते पाच शब्द विचारले. मी शेजारी बसून मनात म्हणत होते. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला सांगायची परवानगी नव्हती. इतकं गप्प मी आयुष्यात कधी बसले नसेन.

डॉक्टरने जे सांगितलं ते आम्हाला माहीत होतं. सुरुवात आहे. गोळ्या आहेत. त्यांची नावं सांगायला तिने माझ्याकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघून सांगितली, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

बाहेर आलो. नेहा कॉफी आणायला समोरच्या दुकानात गेली. आम्ही ट्रॅमच्या स्टॉपवर आलो.

"किती आले मला?" अविनाशने विचारलं. "त्या पाचांतले?"

"दोन."

"पाचांत दोन." त्याने जरा विचार केला. "नागपूरला चाळीस टक्क्यांना पास करायचे."

मी त्याच्याकडे बघितलं. जॅकेट निळं होतं, आतल्या खिशाची शिवण उसवलेली, उजव्या बाहीला पेनचा डाग. मी बघून ठेवलं.

बोर्डावर आमची ट्रॅम दोन मिनिटांवर दाखवत होती.

"जायचं ना घरी?" तो म्हणाला.

"मी दमले रे."

"मग बस थोडा वेळ," तो म्हणाला आणि बाकावर सरकून मला जागा केली. नेहा तीन कप सांभाळत रस्ता ओलांडत होती. ट्रॅम आली, दारं उघडली, लोक उतरले, चढले, दारं मिटली. मागून दुसरी आली. आम्ही तिघं बसून होतो.